जेवायला आलेलं झाड

कोणाला पटायचं नाही, पण या कार्तिकात टेकडीवरचं आवळ्याचं झाड आमच्या गच्चीवर जेवायला आलं.

दरवर्षी आवळीभोजनाला आमचं अख्खं घर त्या झाडाखाली पंगत मांडतं. लग्न झाल्यापासून आमच्या हिने एकदाही चुकवलं नव्हतं. यंदा गुडघा धरला. "तुम्ही सगळे जा, मला मूठभर आवळे आणा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. सुनेने भरताची वांगी भाजायला घेतली खरी, पण जायची हौस कोणालाच उरली नव्हती.

दुपारी मुलाने हिला खुर्चीसकट उचलून गच्चीवर नेलं. कपडे वाळत घालायच्या तारेवर आवळ्यांनी लगडलेली भलीमोठी डहाळी झुलत होती. खाली सतरंजी, भरीत, भाकरी आणि नातवंडांचा कालवा.

"हे कुठून आलं?" हिने विचारलं.

"पहाटे दार वाजलं," मी सांगितलं. "उघडतो तर झाड उभं. म्हणालं, वहिनी येत नाहीत तर मीच येतो. पण जिन्यात अडकलं बिचारं. मग एक हात वर पाठवला आणि बाकीचं परत गेलं."

नातवंडं खिदळली. ही हसली नाही. भाकरी मोडून भरताचा घास माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला, तशी हिने मनगट पकडून माझ्या सदऱ्याची बाही वर सारली.

"झाड आपल्या पायांनी आलं," ही म्हणाली, "तर कोपर तुमचं कसं सोलवटलं?"