चाळीसवर एक

निरंजनला साडूपेक्षा फक्त एक टक्का जास्त हवा होता. साडू भार्गवने मुलाच्या वेळी बायकोच्या कळांतल्या चाळीस टक्के स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या आणि तेव्हापासून सासुरवाडीत जिलबीचा पहिला आग्रह त्यालाच होई.

“एक्केचाळीस,” कळा वाटून घेणारा पट्टा त्याच्या पोटावर बांधणाऱ्या सिस्टरला निरंजनने ऐटीत सांगितलं.

“झेपेल तेवढंच घे रे,” शेजारच्या खाटेवरून मृणाल म्हणाली.

पहिल्याच कळेला निरंजनने आईला हाक मारली. दुसरीला मृणालनेच त्याचा हात धरला. “श्वास सोड. झालंच आता.”

मुलगी झाली. जन्मदाखल्यावर आकडे उमटले: वडील चौदा, आई शहाऐंशी.

“सिस्टर, हे कसं?”

“पहिल्याच कळेला तुम्ही पांढरेफटक पडलात. ताईंनीच खुणेनं तुमचा वाटा कमी करायला लावला.”

चौदा टक्क्यांत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, आणि शहाऐंशी सोसणारी त्यालाच धीर देत होती.

बाहेर भार्गव बायकोसह उभा होता. “काय साडूभाऊ, किती?”

“शहाऐंशी!” लेकीला छातीशी धरून निरंजन गरजला. “आमच्या मृणालचे! माझे चौदाच.”

भार्गव हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. आपल्या वेळचे उरलेले साठ कुणी सोसले, हे आठवून त्याने पहिल्यांदाच बायकोकडे वळून पाहिलं.