उद्याचा पेपर

ओट्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि एकही रडत नव्हती. दिपमालाला वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत शिरलो.

"नवलभाऊंचं घर हेच ना?"

एकीनं नुसती मान हलवली. दुसरीनं अंग चोरून तिला आत जायला जागा दिली.

दिपमाला जळगावला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती. इंटर्नशिपसाठी धुळ्याच्या एका दैनिकात आली होती. इतक्या दिवसांत वाढदिवस आणि सत्कार यांपलीकडे तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं. आज आलं. या गावच्या शेततळ्यात सकाळी एक शाळकरी मुलगा बुडाला होता. पुरुषमंडळी त्याला घेऊन सिव्हिलला गेली होती, पोस्टमॉर्टेमसाठी. पण कुणीच त्याचं नाव धड सांगत नव्हतं. जो तो 'नवलचा पोरगा' म्हणायचा आणि फोन ठेवायचा. बातमी तेवढ्यावर अडली होती.

"नाव आणि फोटो," ब्युरो चीफ अभिमन सरांनी बजावलं होतं. "मिळाल्याबरोबर ऑफिसच्या ग्रुपवर टाक. आणि तिथं बसून त्यांच्याबरोबर रडू नकोस."

आत एक तरुण बाई लहान मुलीला वरणभात भरवत होती. प्रत्येक घास फुंकून, बोटानं चाचपून. काकू असेल, दिपमालाला वाटलं. आईच्यानं हे झालं असतं का?

"ताई, मी पेपरमधून आले. मुलाचा एखादा फोटो मिळेल? शाळेतला असला तरी चालेल."

बाईचा हात थांबला. "प्रेमराजचा? मी त्याची आई."

दिपमालाच्या मनात आलं, म्हणजे हिला सांगितलेलंच नाही. असं करतात, हे तिनं ऐकलं होतं. प्रेत दारात येईपर्यंत आईला दवाखान्याचंच नाव सांगत राहतात. आणि आपण सरळ येऊन फोटो मागितला. तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"त्याचं चित्र निवडलं गेलंय. शाळांच्या स्पर्धेत. बक्षीस आहे."

मुलीनं मान वर केली. "मम्मी, दादाले बक्षीस भेटनं?"

आई दिपमालाकडे बघत राहिली. मग तिनं मुलीच्या ओठाला चिकटलेलं शीत पुसलं.

"हा बेटा. भेटनं."

ती उठली. कपाटातल्या डब्यातून दोन फोटो काढले, उजेडाकडे धरून पाहिले आणि एक परत ठेवला. "त्याच्यात डोळे मिटलेत. हा घ्या."

दिपमालानं फोटो पलंगावर ठेवला, फोनवर टिपला. खाली नाव टाकलं, आईला विचारून इयत्ता, गाव. पाठवून दिलं. तिला जरा सुटल्यासारखं झालं. काम झालं होतं आणि कुणाला रडवावं लागलं नव्हतं.

आई तिला सोडायला ओट्यावर आली. बाहेर येताच तिनं दार मागं ओढून घेतलं.

"चित्र तर त्याला काढताच येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला माहीत आहे, ताई. तळ्यातून वर काढला तेव्हा मी काठावरच होते. लहानीसमोर तुम्ही सांभाळून घेतलं, बरं केलं."

दिपमालानं चपलेत घातलेला पाय परत काढला.

"हे सुरतेहून निघालेत. पिकअप स्वतः चालवताहेत, सोबत कुणी नाही. त्यांना सांगितलंय, ताप डोक्यात गेला, ॲडमिट केलंय. दर थोड्या वेळानं फोन करतात. मागून रडणं ऐकू गेलं तर समजतील, म्हणून या सगळ्या अशा बसल्यात."

कडेच्या बाईनं पदराचा बोळा दातांत धरला होता. दिपमालाला तो आत्ता दिसला.

"गावाच्या ग्रुपवर ते आहेत ना. एकेकाच्या हातापाया पडले मी, कुणी काही टाकू नका म्हणून. नाही टाकलं कुणी. कोंडाईबारीचा घाट ओलांडायचाय त्यांना अजून. पेपर काय, उद्या सकाळी येणार. तोवर ते घरी असतील. म्हणून दिला फोटो."

दिपमालानं फोन काढला. अभिमन सरांना लावला.

"सर, ते आत्ता पाठवलेलं टाकू नका. संध्याकाळपर्यंत थांबा."

"थांबू?" अभिमन सर हसले. "अगं, आपल्या वेबसाइटवर कधीच गेलं! सगळ्यांच्या आधी आपण. शाबास, शिकलीस तू."

"काढा सर, प्लीज. त्याच्या वडिलांना अजून—"

"आता काढून काय उपयोग? अर्ध्या जिल्ह्यानं पुढं पाठवलं असेल."

सरांचा आवाज मोठा होता. ओट्यावरच्या सगळ्या बायकांना ऐकू गेला. आईलाही.

तेवढ्यात आईच्या हातातला फोन वाजला. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. उचलला नाही. पुन्हा वाजू लागला तसा तिनं तो दिपमालापुढे धरला.

"सकाळपासून मीच बोलतेय त्यांच्याशी," ती म्हणाली. "आता तुम्ही बोला."