बाजेखालची परात

व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर दिसणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्गातल्या एका मुलीचा प्रश्न केंद्रे बाईंनी मराठीत सांगितला, “उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तुमची अंघोळ कशी होते?”

वर्गात खसखस पिकली. राजनंदिनीचे कान तापले. आईने सकाळीच बजावलं होतं, “घरातलं काही सांगू नकोस. चारचौघांत शोभा होते.” पण खोटं तिच्या तोंडी येईना.

ती उभी राहिली. “बाजेवर बसून. खाली परात असते. परातीतल्या पाण्यात धुणं, धुण्याचं पाणी शेवग्याला. आमचा शेवगा मे महिन्यातही हिरवागार असतो!”

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, “दुष्काळात आम्हीही शॉवरखाली बादली ठेवायचो. पण ते पाणी एकदाच वापरायचो. तुम्ही आमच्या पुढे आहात. पुढच्या वेळी ती बाज दाखवशील?”

घरी आईने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, सुंभ लोंबतंय तिचं!”

मग भिंतीआड लपवलेली बाज तिने स्वतःच अंगणात ओढून आणली आणि जुनं सुंभ कापून नवं विणायला बसली.

“धर हे टोक. जग बघणार असेल, तर बाज ताठ दिसली पाहिजे.”