गाडीतला फ्रीज

“ते इंजिन आधी बंद करा,” मालिनीकाकी म्हणाल्या. आजूबाजूच्या तंबूंतल्या पाहुण्यांनाही ऐकू जावं, अशाच आवाजात म्हणाल्या.

दिवेलागण झाली होती. भाट्याच्या सुरूबनाला लागून काकींची नारळाची वाडी होती. मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी तिथे त्यांनी तंबू लावले होते. सावर्ड्याकडचा सागर आणि त्याची बायको तेजस्वी मात्र तंबू न घेता, आपल्या पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री बांधून तिथेच झोपत. हौद्यात पेटीएवढा एक फ्रीज होता. तो चालावा म्हणून सागर अधूनमधून इंजिन सुरू ठेवी. त्या घरघरीला आणि डिझेलच्या वासाला पाहुणे वैतागले होते.

“थोडाच वेळ, काकी,” सागर म्हणाला. “बॅटरी उतरली की फ्रीज बंद पडतो. जराशी चार्ज होऊ दे.”

“एक दिवस बियर कोमट प्यायलात तर काय बिघडत नाय. लोक इथे समुद्राची गाज ऐकायला येतात, तुमची गाडी नाय.”

एका तंबूतून कुणीतरी हसलं. सागरने तेजस्वीकडे पाहिलं. तिने ओढणी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली आणि मान खाली घातली. सागरने किल्ली फिरवली. वाडी एकदम शांत झाली.

काकी तरातरा घरी आल्या. ओटीवर बसलेले त्यांचे यजमान आप्पा म्हणाले, “पिऊन पडलेला तर तो पोरगा मला कधी दिसला नाय.”

“मग त्या फ्रीजात काय देव बसवलेत?”



सकाळी काकी पडलेल्या झावळ्या गोळा करायला वाडीत गेल्या, तर तेजस्वी एका माडाच्या बुंध्याशी बसली होती. समोर छोट्या बाटल्या होत्या. एकेक उघडायची, वास घ्यायची आणि मुळाशी ओतून टाकायची. दूध होतं, रात्रीत नासलेलं.

“अगो, एवढं दूध घरून कशाला आणलंस? इथे मिळतं की.”

“हे नाय मिळत, काकी,” तेजस्वी म्हणाली. “माझं आहे.”

काकींना उमजायला जरा वेळ लागला. उमजलं, तेव्हा हातातली झावळी गळून पडली.

तेवढ्यात सागर आला. पुढचं त्यानेच सांगितलं. “दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली ही. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. गावाकडून रोज इथल्या हॉस्पिटलात येणं झेपत नाय. ही रात्रभर दूध काढून ठेवते, सकाळी आम्ही नेऊन देतो.”

“मग माझ्याकडे करंट का नाय मागितलास?”

“पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात ना, करंट दिव्यापुरताच, बाकी काय लावायचं नाय.”

तसं त्या म्हणाल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकालाच म्हणत. आज ते शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना आपलीच शिसारी आली. माडाच्या मुळाशी पांढरा ओलावा मातीत मुरत होता. बाईची एका रात्रीची झोप होती ती. आणि आपण चारचौघांत बियर म्हणालो.

त्या दिवशी काकींनी स्वयंपाकघरातून थेट पिकअपपर्यंत वायर ओढून घेतली. आप्पा स्टुलावर चढून ती माडांना बांधत होते, काकी खालून स्टूल धरून उभ्या होत्या. पाहुणे बघत होते. कालच्यासारखंच मोठ्याने, सगळ्यांसमोर माफी मागायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि एवढंच निघालं, “लागला का दिवा फ्रीजचा?”

“लागला,” सागर म्हणाला.

जे तोंडाने जमलं नाही, ते काकी हातांनी करू लागल्या. तेजस्वीसाठी अळिवाचे लाडू वळले. सकाळी तुपाची धार सोडून गरम पेज देऊ लागल्या. तेजस्वी नको नको म्हणायची आणि मग खाली बघत खायची. पाहुण्यांची मुलं फ्रीजच्या आसपास फिरकली तरी काकी त्यांना हाकलत.

हॉस्पिटलातून गाडी परतली की काकी विचारत, “वजन वाढलं का?”

“वाढलं म्हणाल्या सिस्टर,” सागर सांगे.

“मुलगी ना? नाव काय ठेवणार?”

तेजस्वी उठली. रिकाम्या बाटल्या उचलून धुवायला निघून गेली. बारशाआधी नाव फोडू नये म्हणून असेल, असं काकींना वाटलं. पण आपल्यावरचा राग अजून गेला नसेल, असंही वाटलं, आणि पुन्हा ते कोमट बियरचे शब्द कानात वाजले. त्या बाळाला एकदा बघितल्याशिवाय हे ओझं उतरायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

एका सकाळी त्या न विचारताच पिकअपमध्ये जाऊन बसल्या. “बघून येते गो तुझ्या लेकीला. हात नाय लावणार.”

तेजस्वीने सागरकडे पाहिलं. सागरने गाडी सुरू केली. पूल ओलांडून गाडी हॉस्पिटलला पोचली.

वॉर्डाच्या दाराशी तेजस्वीने बाटल्यांची पिशवी सिस्टरांच्या हातात दिली आणि रिकाम्या बाटल्या घ्यायला बाजूच्या खोलीत गेली. काकी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आत मुठीएवढे जीव नळ्या लावून झोपले होते.

“सिस्टर,” त्यांनी हळूच विचारलं, “हिची कुठची?”

सिस्टर पिशवी घेऊन आत निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

“सांगितलं नाय का तिने तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “हे दूध आत ज्यांच्या आयांना पान्हा फुटला नाय, त्या बाळांसाठी आणते ती. तिची मुलगी पहिल्याच रात्री गेली.”