गेजचं पातं

दुबईहून परतलेला लिओनार्ड माजिवड्याच्या गॅरेजात लागला आणि ऑटोमॅटिक गाड्या त्याच्याकडेच जाऊ लागल्या. जुना मेकॅनिक दामाजी आतल्या आत जळायचा.

आज गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा बसवून लिओनार्डने नेहमीसारखं फट मोजायच्या पात्यांचं गेज दामाजीपुढे धरलं. "दामाजी, फट बघ रे."

मिरवतोय मेला! पण मापाचं पातं प्लेटांमध्ये शिरेचना. इतक्या घट्ट बसवल्या तर चार दिवसांत जळणार. होऊ दे एकदा याची फजिती!

"एकदम बरोबर," दामाजी म्हणाला.

लिओनार्डने गॅरेजच्या शेठला हाक मारली. "शेठ, गेजवरचे आकडे मला कधीचे दिसत नाहीत. दामाजीच्याच डोळ्यांवर चाललंय माझं. यापुढे ऑटोमॅटिक त्यालाच द्या. हा गिअरबॉक्सही त्यानेच बांधला, असं सांगा गिऱ्हाइकाला."