कोरडी हवा

बायको गेल्यापासून तिच्या ऑर्किडने मान टाकली होती. घड्याळजींनी जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केली, पण हे एक झाड काही त्यांना दाद देईना. पाणी मोजून, तेही मुळं सुकल्यावरच; ऊन पडद्याआडून. तरी कळ्या उमलायच्या आधीच गळून पडायच्या.

शेवटी त्यांनी नर्सरीवाल्याला घरी बोलावलं. त्याने पानं चाचपली, कुंडीत बोट खुपसलं.

"पाणी ठीक आहे काका, उजेडही ठीक आहे. पण इथली हवा फार कोरडी आहे. याला दमटपणा लागतो. आधी कुठे होतं हे?"

"इथेच, याच खिडकीत. हिने कधी जागा बदलली नाही."

"मग आधी या खोलीत असं काहीतरी होतं, जे आता नाही."

"छे हो! सगळं जिथल्या तिथे आहे," घड्याळजी जरा घुश्शातच म्हणाले.

तो गेल्यावर मात्र त्यांना आठवलं. दम्यामुळे ती सकाळ-संध्याकाळ याच खिडकीशी बसून वाफ घ्यायची. त्यांनी माळ्यावरून तिचं वाफेचं मशीन काढलं, पाणी भरलं आणि कुंडीशेजारी लावलं. हळूहळू काचेवर वाफ धरू लागली.



"अगं, बास कर आता! काच पुसून पुसून हात गेले माझे," ते सवयीने खेकसले, आणि हातात फडकं घेऊन तिच्या उलट उत्तराची वाट बघत उभे राहिले.