लॉट एकेचाळीस

संध्याने पितळी कडं मापाच्या गेजमध्ये घातलं, फिरवलं, काढलं आणि पुन्हा घातलं.

"अगं, चक्कर येईल त्या कड्याला," समोरची हर्षला म्हणाली. "दोन-दोनदा काय बघायचं?"

"बघते. तुझं काय जातंय?"

मोहोपाड्याच्या त्या लहानशा कारखान्यात तपासणीच्या टेबलावर संध्याइतकी काटेकोर बाई दुसरी नव्हती. बाकीच्या तिला सोनारीण म्हणायच्या. ती हसून सोडून द्यायची. खरं कारण सांगायची तिची छाती नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ सुनील आखातात तेल कंपनीत वेल्डर म्हणून निघाला. आई गेल्यावर संध्यानेच त्याला वाढवलेलं. त्याला विमानतळावर पोचवायला जायचं म्हणून त्या दिवशी तिने एकेचाळीस नंबरचा अख्खा लॉट गेज न लावताच पास केला. प्रत्येक कड्यावर लॉटचा आकडा आणि पुढे तिचं अक्षर, 'एस'. दुसऱ्या दिवशी नमुना म्हणून ठेवलेली चार कडी तिने तपासली, तर चारही सैल. माल तोवर निघून गेला होता. ती गप्प बसली, आणि तेव्हापासून ते तिला आतून खात होतं.

माल एका परदेशी कंपनीला जायचा. "ते लोक तेलवाल्या देशांकडून तेल घेतात आणि त्यांनाच हत्यारं विकतात," मालक अनुपम सर सांगायचे. "भांडणाऱ्या दोन्ही शेजाऱ्यांना विकतात. कुणाचं कुणावाचून पान हलत नाही बघ. आणि त्यांचं आपल्या कड्यावाचून." पुढच्या लॉटांवर ती कंपनी इतकी खूश झाली की सगळी ऑर्डर इथेच आली. गेल्या आठवड्यात सरांनी संध्याला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्रक दिलं, तेव्हा तिला मान वर करवेना.

जेवणाच्या सुट्टीत सुनीलचा फोटो आला, पाठोपाठ फोन.

"ताय, बघितलास? शेजारच्या देशानं काल बॉम्ब टाकला. आमच्या खोलीपासनं दहा पावलांवर. फुटलाच नाय. लष्करवाल्यांनी खोलून दाखवला. आतलं कडं सैल व्हतं म्हने, खटका अडाकला."

संध्याने फोटो मोठा केला. कड्यावर ४१ होतं. पुढे एस.

तीन वर्षं जे पाप म्हणून उराशी धरलं, त्यानेच भावाला वाचवलं होतं. तिचे डोळे भरून आले. आज सरांना सगळं सांगून टाकावं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"तू घरी निघून ये रं," ती म्हणाली.

"कंपनी सोडत नाय गं. तेल थांबवून चालत नाय म्हनतात. आन तू कशाला भितीस? आमी तर आता तळघरात पन जात नाय. सगळा फुसका माल हाय त्यांचा."

त्याच्या मागे हल्ल्याचा भोंगा वाजू लागला.

"सुनील, खाली जा."

"कशाला?"

"ऐक माझं. आत्ताच्या आत्ता जा."

"फुटत नाय गं ते," तो हसला, आणि फोन बंद पडला.

टेबलामागच्या भिंतीवर तिचं प्रशस्तिपत्रक टांगलेलं होतं. लॉट बेचाळीसपासून आजपर्यंत, सदोष नग शून्य.